मापाआधी पुस्तक मागणारे मामा: कोल्हापुरातल्या एका ड्रेपरीबद्दल

कोल्हापुरात हौशी नाटकासाठी कपडे भाड्याने कुठून घ्यावेत, असं कुणी विचारलं की मी हल्ली दुसरा पत्ता सांगतच नाही. मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. पाटी नाही. बाहेरून शिंप्याचं दुकान वाटतं, कारण दारातच शिलाई मशीन आहे आणि मालक बहुतेक वेळ त्यावरच असतात. आत शिरलं की छतापर्यंत मांडण्या, त्यावर पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येक ट्रंकेवर खडूने लिहिलेलं: ‘मावळे’, ‘भटजी’, ‘पोलीस’, ‘म्हाताऱ्या’, ‘देव’. मालकांना गावातले सगळे नाटकवाले ‘मामा’ म्हणतात. मीही म्हणते.

मी शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात मिळेल ते काम करते. राज्य नाट्य स्पर्धेतलं नाटक, गणपतीतले सजीव देखावे, मालिकेत बाजाराच्या गर्दीतली बाई, शिवजयंतीच्या मिरवणुकीत रथावरच्या जिजाऊ. यातल्या कशाचंच मला पोट भरण्याइतकं मानधन मिळत नाही आणि त्याची मला खंतही नाही. पण स्टेजवर उभी राहिले की मला कपडे माझे वाटायला हवेत, एवढा माझा हट्ट असतो. तो पुरवणारं दुकान मला इथे सापडलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी सांगितलं की एक नऊवारी, एक खणाची चोळी आणि म्हातारीचा विग हवाय. मामांनी मापाची फीत गळ्यातच राहू दिली आणि विचारलं, “पुस्तक आणलंय का?” मला वाटलं बुकिंगचं वही-पुस्तक म्हणतायत. त्यांना संहिता हवी होती. संहिता ठेवून जा, परवा या, म्हणाले. परवा गेले तर त्यांनी नाटक वाचून काढलेलं होतं आणि माझ्या भूमिकेच्या प्रवेशांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. “बाई, तिसऱ्या अंकात तुम्ही खाली बसूनच हाय की. मग जरीचा काठ कुणाला दिसणार? त्यापेक्षा पदर चांगला घेऊ, तो खांद्यावर राहतोय.” इतकी वर्षं मी नाटक करते, अनेक दिग्दर्शकांनी मला हालचाली बसवून दिल्या, पण लुगड्याचा कुठला भाग प्रेक्षकांना दिसणार याचा विचार माझ्यासमोर कुणी केला नव्हता.

त्या भूमिकेसाठी त्यांनी एक इरकल काढलं. लाल-पांढऱ्या पदराचं, सुती, अंगाला चिकटून बसणारं. नवं नव्हतं. मामा जुनी लुगडी बोहारणींकडून घेतात. भांड्यांवर घरोघरचे जुने कपडे घेणाऱ्या बायका आहेत ना, त्यांना त्यांनी सांगून ठेवलंय की इरकल, जुनी सुती नऊवारी, खणाची चोळी असं काही आलं तर आधी माझ्याकडे आणा. त्यामुळे ‘म्हाताऱ्या’ या ट्रंकेत जे आहे ते खरोखरीच्या आज्यांनी वापरलेलं आहे. शंभरदा धुतलेल्या सुताला जो मऊपणा आणि जो फिकेपणा येतो, तो नव्या कापडाला चहाच्या पाण्यात बुडवून येत नाही. ते लुगडं नेसून मी पहिल्या तालमीला उभी राहिले आणि माझी पाठ आपोआप वाकली. दिग्दर्शक तेव्हापासून म्हणतो, बाईंना कपडे आधी द्या, मग बसवू.

मापं घेण्याची त्यांची रीतही सांगण्यासारखी आहे. बायकांची मापं त्यांच्या सूनबाई घेतात, आतल्या खोलीत. मामा बाहेरून विचारत राहतात. हात वर करायचा आहे का? कुणाला उचलून घ्यायचंय का? पळायचंय का? नऊवारी नेसायची की शिवलेली चालेल? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. दोन प्रवेशांच्या मधे मिनिटभराचा अंधार असेल आणि तेवढ्यात कपडे बदलायचे असतील तर शिवलेल्या नऊवारीला पर्याय नाही. मामांकडच्या शिवलेल्या साड्या कमरेला नाडी आणि वर दोन मोठे हूक अशा आहेत, इलॅस्टिक नाही. इलॅस्टिक घामाने सैल होतं, हूक होत नाही. निऱ्या आतून टाचून ठेवलेल्या असतात. पण वेळ असेल तर ते नेसायलाच लावतात, कारण शिवलेल्या नऊवारीत मांडी घालून बसलं की काष्टा उघडा पडल्यासारखा दिसतो आणि पहिल्या रांगेतल्या बायकांना ते लगेच कळतं.

दागिन्यांच्या बाबतीत मला त्यांचं फार कौतुक वाटतं. कोल्हापुरी साज, चिंचपेटी, तन्मणी, नथ, सगळं आहे, अर्थात खोटं. पण ते आधी विचारतात, माइक कसला आहे? स्टेजच्या काठावरचे आणि वरून टांगलेले माइक असले की काचेच्या बांगड्यांचा आवाज संवादाच्या वर जातो. म्हणून त्यांच्याकडे लाखेच्या बांगड्या आहेत, आणि काचेच्याच हव्या असतील तर ते त्या मधूनमधून दोऱ्याने बांधून देतात. लांबून काहीच कळत नाही. पैंजणाची घुंगरं आतून कापसाने भरून दिलेली मी इथेच पाहिली.

सजीव देखाव्यांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण माझं या दुकानाशी खरं नातं तिथे जुळलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: गौरी गेल्या की आमच्याकडे पेठापेठांत मंडळांचे देखावे सुरू होतात. मांडवात छोटा रंगमंच, ध्वनिमुद्रित संवाद, निवेदन, दिवे, धूर, आणि गल्लीतलीच माणसं त्या संवादांवर ओठ हलवत अभिनय करतात. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, संपला की समोरची गर्दी पुढे सरकते, नवी येते, पुन्हा तोच खेळ. रात्री उशिरापर्यंत. नाटकात एका प्रयोगात जेवढा घाम येतो तेवढा इथे तासाभरात येतो. अशा ठिकाणी सॅटिनचे चकचकीत कपडे घालून उभं राहणं ही शिक्षा असते. मामा देखाव्याच्या प्रत्येक अंगरख्याला आतून सुती अस्तर लावतात, काखेत वेगळा तुकडा टाचतात आणि तो तुकडा रोज बदलून देतात. मंडळाच्या एका पोराने दुपारी जाऊन जुने तुकडे द्यायचे, धुतलेले आणायचे. भाड्यात हे धरलेलं असतं.

एका वर्षी आमच्या मंडळाने ताराराणींचा देखावा करायचं ठरवलं आणि ते काम मला दिलं. कार्यकर्त्यांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं: हिरवागार शालू, कपाळभर कुंकू, नाकात मोठी नथ, हातात तलवार. चार पोरं मला घेऊन दुकानात गेली. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “प्रसंग कुठला?” मुघल फौजेशी झुंज, असं उत्तर आलं. “म्हंजे राजाराम महाराज गेल्यावरचा. मग कुंकू कुठलं?” पोरं गप्प. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर गेले आणि त्यानंतर, १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत, राज्य लढतं ठेवलं ते ताराराणींनी. म्हणजे आम्ही जो प्रसंग दाखवणार होतो त्यातली राणी विशीतली विधवा होती. एक कार्यकर्ता म्हणाला, मामा, पांढऱ्या साडीत लोकांना राणी वाटणार नाही. मामांनी वाद घातला नाही. ट्रंकेतून एक मोतिया रंगाची नऊवारी काढली, बारीक जरीच्या काठाची. त्यावर गडद शेला. कमरेला पट्टा. दागिना एकही नाही, फक्त हातात तलवार. सूनबाईंनी मला नेसवून बाहेर आणलं आणि मामांनी दुकानातला दिवा बंद करून दारातल्या उजेडात उभं केलं. पोरांनी आपापसात बघितलं आणि सगळ्यात धाकटा म्हणाला, “हेच करूया.” त्या देखाव्याच्या वेळी समोरच्या बायका हात जोडत होत्या. कपाळ मोकळं ठेवून, दागिन्याविना, त्या राणीचं एकटेपण आणि तिची जिद्द मला उभं राहिल्या राहिल्या अंगात जाणवली. तो पोशाख नसता तर मी नुसती तलवार धरलेली बाई दिसले असते.

मामांना हे कुठून येतं? त्यांचे वडील भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत कपडेपटात शिवणकाम करायचे, असं ते सांगतात. त्या काळातल्या ऐतिहासिक चित्रपटांसाठी अंगरखे आणि बाराबंद्या कशा बेतल्या जायच्या, हे मामांनी लहानपणी वडिलांच्या पायाशी बसून बघितलं. कोल्हापूरला ही परंपरा आहेच. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले ते इथेच, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. आता इथे मालिका आहेत, चित्रनगरी आहे, आणि आमच्यासारखी हौशी माणसं आहेत. मामा आम्हाला त्या परंपरेतलंच धरतात. स्टुडिओत नायिकेसाठी जी पद्धत होती तीच ते शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मुलीसाठी वापरतात. मापं, ट्रायल, एकदा चालून बघणं, एकदा बसून बघणं.

मालिकेच्या कामासाठीही मी इथूनच कपडे घेते. मोरेवाडीच्या चित्रनगरीत किंवा आसपासच्या एखाद्या गावात शूटिंग असलं की समन्वयकाचा आदल्या रात्री निरोप येतो: गावाकडची बाई, दोन साड्या आणा, पांढरी नको, भडक नको, बारीक रेघांची नको. बारीक रेघा कॅमेऱ्यात लाटांसारख्या हलतात, म्हणून ही अट. घरी माझ्याकडे आहेत त्या शाळेत नेसायच्या साड्या, सिंथेटिक, इस्त्रीच्या. त्या नेसून मी शेतातून आलेली बाई कशी दिसणार? मामा अशा वेळी दोन धुवट सुती साड्या आणि न जुळणारे दोन ब्लाउज देतात. न जुळणारे मुद्दाम. “मॅचिंग करून कोण भांगलायला जातंय?” एकदा त्यांच्याकडच्या साडीमुळे मला गर्दीतून काढून पुढे उभं केलं आणि एक वाक्य मिळालं, “दादा, आत कुणी न्हाई.” ते वाक्य दाखवलंही गेलं. शिवाय मामा देण्याआधी त्या साडीचा फोटो काढून ठेवायला सांगतात. कंटिन्युइटीसाठी आठवड्याने पुन्हा बोलावलं तर तीच साडी, तसाच पदर हवा. साडीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ती तेवढे दिवस बाजूला ठेवतात. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

याच्या उलट अनुभवही माझ्या गाठीशी आहे. दुसऱ्या एका पुरवठादाराने (नाव लिहीत नाही) स्पर्धेच्या दिवशी सकाळी पाठवलेल्या गाठोड्यात माझ्या चोळीला हूक नव्हते, नायकाच्या धोतराऐवजी पायजमा होता आणि विगला आधीच्या माणसाच्या तेलाचा वास येत होता. फोन लागेना. प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, सेटचा टेम्पो, संगीताचा पेन ड्राइव्ह या धावपळीत दिग्दर्शक आधीच अर्धा झालेला असतो, त्यात हे. हौशी आहेत, चालवून घेतील, असा विचार त्यामागे असतो. ही गोष्ट मला मनापासून टोचते. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक किंवा गुणवत्ता प्रमाणपत्र मिळवणारी माणसं दिवसभर बँकेत, शाळेत, वर्कशॉपमध्ये काम करून रात्री तालमी करतात. त्यांना धुतलेली चोळी मिळण्याचा हक्क आहे.

विगबद्दल. मामांकडे नायलॉनचे बरेच आणि माणसाच्या केसांचे थोडे आहेत. स्पर्धेसाठी केसांचाच मागा. नायलॉन दिव्याखाली चमकतो. विग देताना ते डोक्याला जाळी बसवून, कपाळाच्या रेषेवर तो कसा टाचायचा ते आरशासमोर दाखवतात, आणि परत करताना खोबरेल तेलाने गोंद पुसून आणायला सांगतात. दाढी-मिशांसाठी क्रेप, म्हणजे खोटे केस, आणि ते चिकटवायचा स्पिरिट गम मिळतो. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी मनगटावर आधी लावून बघावा. रंगभूषेला मामा स्वतः येत नाहीत, पण फेटा आणि पगडी बांधायला येतात. तयार शिवलेला फेटा त्यांच्या दुकानात ठेवलेला नाही, मागितला तरी मिळणार नाही.

दिव्यांचं गणितही त्यांना ठाऊक आहे. तांबडा दिवा असेल तर हिरवी साडी काळपट दिसते, हे ते सांगतातच, शिवाय प्रकाशयोजना करणाऱ्याला एकदा दुकानात पाठवा म्हणतात. जागा बदलली की हे गणितही बदलतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहूंच्या काळात, १९१५ मध्ये, पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळताना आम्ही पाहिलं. मामा त्या रात्री दुकान उघडं टाकून तिथे उभे होते. त्यानंतर आम्ही शाहू स्मारक भवनात आणि शाळांच्या सभागृहांत प्रयोग केले. तिथे प्रेक्षक जवळ असतात, मोठ्या स्टेजवर खपणारं कापड तिथे उघडं पडतं. मामांनी त्या काळात आमच्या नाटकातल्या सगळ्या जरीच्या काठांवर पातळ जाळीचं कापड टाचून दिलं, चमक मारायला. कुणी सांगितलं नव्हतं. एका प्रयोगाला मागच्या खुर्चीत बसून त्यांनी ते बघितलं होतं.

आता भाडं. नऊवारी, चोळी, साधे दागिने असा संच मला दिवसाला चारशेच्या आसपास पडतो. मावळ्याचा पूर्ण पोशाख अडीचशे-तीनशे. महाराजांचा पोशाख, जिरेटोप आणि तलवारीसह, हजाराच्या वर जातो, आणि तो ते कुणालाही देत नाहीत, काय करणार आहात ते विचारून देतात. देखाव्यासाठी सगळ्या दिवसांचा एकत्र भाव ठरतो आणि तो बराच कमी बसतो. अनामत घेतात, पावती हाताने लिहितात, परत करताना प्रत्येक हूक बघतात. फाटलं असेल तर स्वच्छ सांगा, शिवून घेतात, पैसे कापत नाहीत. लपवलं तर मात्र पुढच्या वेळी ट्रंक उघडत नाहीत. विद्यार्थ्यांच्या एकांकिकांना निम्म्या भाड्यात देतात, ओळखपत्र न्यावं.

उणिवाही आहेत आणि त्या मोठ्या आहेत. पादत्राणं जवळपास नाहीतच. पुरुषांसाठी दोन-तीन मापांच्या चपला मिळतील, बायकांसाठी काही नाही. आपलं आपण बघावं लागतं. कपडे बदलून बघायची आतली खोली अरुंद आहे, एका वेळी एकच बाई मावते, त्यामुळे दहाजणींचा संच असेल तर अख्खी संध्याकाळ जाते. दुपारी एक ते चार दुकान बंद, मग तुमचा प्रयोग असो नाहीतर आणखी काही. आधुनिक नाटकांसाठी इथे फारसं मिळत नाही. कोट एक-दोन आहेत, त्यांची कॉलर जुन्या पद्धतीची आहे. आणि एक गंभीर गोष्ट: अंगाने मोठ्या बायकांसाठी चोळ्या कमी आहेत. मला स्वतःला दोनदा उसवून जोड द्यावी लागली. सूनबाईंना मी हे बोलले, त्यांनी लिहून घेतलं, पुढच्या हंगामात ‘म्हाताऱ्या’ ट्रंकेत तीन मोठ्या मापाच्या चोळ्या नव्याने आल्या होत्या. तीन पुरत नाहीत. शेवटी रंगमंचावर आया, सासवा, आज्या आम्हीच करतो आणि आमची मापं विशीतल्या मुलींची नसतात.

जायचं असेल तर गणपतीच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा मामांना मान वर करायला वेळ नसतो. देखाव्यासाठीच जाणार असाल तर आषाढातच बोलून ठेवा. स्पर्धेच्या नाटकासाठी तारीख पक्की झाली की लगेच जा, कारण इरकलं मोजकी आहेत आणि सांगलीचे, इचलकरंजीचे संघही इथूनच नेतात. सकाळी दहानंतर मामा भेटतात. संहितेची एक स्वच्छ प्रत सोबत न्या, हाताने लिहिलेली असेल तर अक्षर मोठं असू द्या, त्यांना आता बारीक दिसत नाही. आणि ज्याची त्याची भूमिका ज्याने त्याने जाऊन सांगावी, एकाने सगळ्यांची यादी नेऊ नये. यादी त्यांना चालत नाही, ते माणूस बघून कपडा काढतात.